अपैशुन: आपल्या पाठीमागे बोललेला शब्द



आजचं चिंतन गीतेच्या सोळाव्या अध्यायातल्या दुसऱ्या श्लोकावर. या अध्यायाच्या सुरुवातीला भगवंत अर्जुनाला दैवी संपत्तीची यादी सांगतात. निर्भयपणापासून ती सुरू होते आणि तीन श्लोकांत मिळून २६ गुण येतात. अहिंसा, सत्य, अक्रोध, त्याग, शांती ही नावं आपल्या ओळखीची आहेत. शांतीला लागूनच एक शब्द येतो, जो पाठ म्हणताना आपण सहज म्हणून जातो आणि त्यावर थांबत नाही. तो शब्द म्हणजे 'अपैशुन'.

पिशुन म्हणजे चुगलखोर, माणूस समोर नसताना त्याचे दोष तिसऱ्याच्या कानात घालणारा. त्याची ती सवय म्हणजे पैशुन. ही सवय ज्याच्याजवळ नाही, त्याच्याकडे अपैशुन आहे. जरा विचार करा, भगवंतांनी सत्य आधीच सांगितलंय. मग हा वेगळा गुण कशाला? कारण खरी गोष्टसुद्धा पाठीमागे, दुखवायच्या हेतूने सांगता येते. आणि खोटी सांगितली तर विचारायलाच नको. ज्याच्याबद्दल बोललं जातंय तो तिथे नसतो, त्याला उत्तर देता येत नाही. पैशुनाचा सगळा जोर या 'तिथे नसण्या'त आहे.

हा शब्द गेले पंधरा दिवस माझ्या मागे लागलाय. का, ते सांगते.

पुण्यातल्या एका कंपनीत मी तीन वर्षं अकाउंट्समध्ये होते. कंपनीचं नाव लिहिणार नाही, आणि का लिहिणार नाही हे पुढे कळेलच. राजीनामा रीतसर दिला. साठ दिवसांचा नोटिस पिरियड एक दिवसही न बुडवता पूर्ण केला. हँडओव्हरची शीट बनवली, मेलवर पाठवली, 'मिळाली' असं उत्तरही आलं. रिलीव्हिंग लेटर हातात पडलं. दुसरीकडची ऑफर आधीच होती, जॉइनिंगला तीन आठवडे होते, म्हणून घरी चाळीसगावला आले. आणि इथे असतानाच नव्या कंपनीच्या एचआरचा फोन आला: "मॅडम, तुमच्या व्हेरिफिकेशन रिपोर्टमध्ये एक शेरा आलाय. जॉइनिंग सध्या होल्डवर ठेवावं लागेल."

शेरा असा: हँडओव्हर अपूर्ण, वागणूक असमाधानकारक, पुन्हा कामावर घेण्यास पात्र नाही.

तुमच्यापैकी जे अजून कॉलेजात आहेत त्यांच्यासाठी थोडं सांगते. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन बऱ्याचदा नवी कंपनी स्वतः करत नाही, त्यासाठी वेगळी एजन्सी असते. ती तुमच्या जुन्या कंपनीला मेल करते: रुजू कधी झाले, सोडलं कधी, पद काय, पगार किती, सोडण्याचं कारण काय. मग कधी कधी तुमच्या साहेबांनाही फोन जातो. माणूस कसा होता? परत घ्याल का? शेवटी रिपोर्टला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग मिळतो. या सगळ्या साखळीत ज्याच्याविषयी हे चाललंय त्याला कुणी काही विचारत नाही. विचारलं तर शेवटी, रंग लागल्यावर.

तीन वर्षांच्या मार्च एंडच्या रात्री, ऑडिटच्या फाइली, जीएसटीच्या शेवटच्या तारखा, आणि उरल्या तीन ओळी. त्यातली एकही खरी नाही. धाकट्या भावाच्या कॉलेजची फी मी भरते. त्यामुळे माझ्यासाठी हा काही नुसता अहंकाराला बसलेला धक्का नव्हता. पैशाचाही प्रश्न होता.

घरात कळलं तेव्हा बाबा गप्प झाले. आजी जपमाळ ओढत बसली होती, ती अहिराणीत एवढंच म्हणाली, "तो कागद लिखनारा काय देव शे का?" तिने माळ थांबवलीही नाही.

आता बाकीच्यांचे सल्ले बघा. एका मावशींनी सांगितलं, सोडून दे, देव बघून घेईल. सत्संगातला एक दादा म्हणाला, भक्ताला निंदा-स्तुती सारखीच असली पाहिजे, बाराव्या अध्यायात स्पष्ट आहे, तू उत्तर देत बसू नकोस. आणि पुण्यातल्या मैत्रिणी म्हणाल्या, त्याचं नाव टाकून लिंक्डइनवर पोस्ट कर, जगाला कळू दे.

पहिले दोन सल्ले भक्तीच्या भाषेतले आहेत म्हणून ते नीट तपासायला हवेत.

बाराव्या अध्यायात भगवंत आपल्या आवडत्या भक्ताची लक्षणं सांगतात. निंदा आणि स्तुती त्याला समान असते, हे त्यात आहेच. पण हेच भगवंत दुसऱ्या अध्यायात अर्जुनाला काय सांगतात? तू रण सोडलंस तर लोक तुझी अपकीर्ती गात राहतील, शत्रू नाही नाही ते बोलतील, आणि मान मिळालेल्या माणसाला अपकीर्ती मरणापेक्षा वाईट वाटते. म्हणजे निंदा बोचते हे भगवंतांना पूर्ण ठाऊक आहे. ते अर्जुनाला 'काही वाटून घेऊ नकोस' असं म्हणून गप्प बसवत नाहीत. बोचणाऱ्या गोष्टीचं नाव घेतात, आणि तरी त्याला कामाला उठवतात.

दोन्ही अध्याय एकत्र वाचले की मला असं वाटतं: समत्व हे मनाच्या काट्याबद्दल आहे. कुणी 'छान' म्हटलं म्हणून काटा वर जाऊ नये, कुणी 'वाईट' म्हटलं म्हणून खाली जाऊ नये. पण खोट्या हिशेबाखाली 'बरोबर आहे' अशी सही करा, असं त्यात कुठेही नाही. मी अकाउंट्सवाली आहे. चुकीची नोंद दिसली तर ती दुरुस्त करायची असते. ती दुरुस्त करताना हात थरथरू नये, एवढंच समत्व मागतं.

आणि याला आपल्याच घरातला, वारकरी परंपरेतला फार मोठा दाखला आहे. पैठणचा.

विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला आणि गुरूंच्या आज्ञेने ते पुन्हा गृहस्थाश्रमात आले, ही कथा आपल्याला माहीत आहे. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता ही चार मुलं झाली. आळंदीने त्यांना 'संन्याशाची पोरं' ठरवलं. आईवडिलांनी प्रायश्चित्त म्हणून देह ठेवला, तरी मुलांवरचा शेरा पुसला गेला नाही. मुंज करायची तर पैठणच्या ब्रह्मवृंदाकडून शुद्धिपत्र आणा, असं सांगण्यात आलं. शुद्धिपत्र! आजच्या भाषेत काय म्हणायचं याला? ज्यांनी काहीच चूक केली नाही अशा चार मुलांनी, आपण बरे आहोत असं दुसऱ्या गावच्या लोकांकडून लिहून आणायचं.

आता लक्ष द्या. ज्ञानदेवांना त्या कागदाची गरज होती का? आतून नव्हती. त्यांना आपण कोण आहोत हे पक्कं माहीत होतं. तरी ते गेले. आळंदीहून पैठणपर्यंत पायी गेले. सभेत उभे राहिले. प्रश्नांना उत्तरं दिली, टोमणे ऐकले. पखालीच्या रेड्याची कथा तिथलीच. परंपरा सांगते की अखेर शुद्धिपत्र मिळालं. त्यानंतर ही भावंडं नेवाशाला आली आणि शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी पूर्ण झाली.

यातून मी दोन गोष्टी घेतल्या. एक, कागद मागायला जाणं हा कमीपणा नाही. माउली गेले, तर आपण कोण? 'मी कशाला सफाई देऊ' हा ताठा माउलींनी दाखवला नाही. दोन, त्यांनी आपली किंमत त्या कागदावर ठेवली नाही. शुद्धिपत्रावर कुणाच्या सह्या होत्या हे आज कुणाला आठवत नाही, आठवायची गरजही पडत नाही. ज्ञानेश्वरी मात्र घरोघरी आहे. आणि त्या ग्रंथात कुठेही आळंदीकरांचा हिशेब चुकता केलेला नाही. शेवटी पसायदानात मागितलं तेही काय, तर दुष्टांचा दुष्टपणा जावा. दुष्टांचा नाश व्हावा असं मागितलं नाही.

मग मी मेल लिहायला बसले. इथे सतराव्या अध्यायाने हात धरला. तिथे भगवंत वाणीचं तप सांगतात. बोलणं कसं असावं? समोरच्याच्या मनात खळबळ माजवणारं नसावं, खरं असावं, ऐकायला बरं वाटेल असं असावं, आणि हिताचं असावं. चार कसोट्या. माझा पहिला मसुदा या चारांतल्या एकाच कसोटीला उतरत होता, खरेपणाच्या. त्यात 'सूडबुद्धीने' हा शब्द तीनदा आला होता. साहेबांच्या मनात काय होतं हे मला कसं कळणार? मी राजीनामा दिल्याचा राग असेल, फोन आला तेव्हा घाईत असतील, दुसऱ्याच कुणाशी माझी गल्लत झाली असेल. मला माहीत नाही. जे माहीत नाही ते लिहिलं तर मीही तेच करतेय जे माझ्या बाबतीत झालं. त्यामुळे तो मसुदा ड्राफ्टमधूनच उडवला.

जो पाठवला तो साधारण असा होता: "व्हेरिफिकेशन अहवालातल्या तीन मुद्द्यांशी मी सहमत नाही. हँडओव्हर शीट अमुक तारखेला पाठवली, ती मिळाल्याचं उत्तर सोबत जोडलं आहे. रिलीव्हिंग लेटर आणि नोकरीच्या काळात मिळालेल्या दोन मूल्यमापनांच्या प्रती जोडल्या आहेत. माझ्यासोबत काम केलेल्या एका वरिष्ठ सहकाऱ्यांची संमती घेऊन त्यांचा संपर्क देत आहे. कृपया निर्णय घेण्यापूर्वी ही कागदपत्रं पाहावीत." बस. एकही विशेषण नाही.

जुन्या कंपनीच्या एचआरलाही वेगळा मेल केला: माझ्याबद्दल हे कळवलं गेलंय, नोंद तपासावी, चूक असेल तर एजन्सीला लेखी दुरुस्ती पाठवावी. त्या मेलवरचं उत्तर अजून आलेलं नाही. नव्या कंपनीने "कागदपत्रं रिव्ह्यूमध्ये आहेत" एवढंच कळवलंय. म्हणजे हे लिहितेय तेव्हा माझी नोकरी आहे की गेली, हे मलाच माहीत नाही. गोष्टीचा शेवट गोड झाला म्हणून मी हे सांगत नाहीये, हे लक्षात असू द्या.

ज्यांच्यावर अशी वेळ आली आहे त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. ईपीएफओच्या पोर्टलवर तुमच्या यूएएनखाली रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असते, ती उतरवून ठेवा. फॉर्म १६ आणि सॅलरी स्लिप घरच्या मेलवर ठेवा. हँडओव्हर तोंडी कधीच देऊ नका, आणि पोच घ्या. हे संशयीपणाचं लक्षण नाही. पैठणला जायचं तर शिदोरी बांधूनच निघावं लागतं.

आणि कोर्टाचं म्हणाल तर, भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात बदनामीचा गुन्हा आहे, पण सद्भावनेने, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हितासाठी केलेल्या विधानाला त्यात अपवादही आहे. जुन्या साहेबाने प्रामाणिकपणे वाईट मत दिलं तर तो गुन्हा ठरत नाही, आणि ठरूही नये. प्रश्न सद्भावनेचा आणि काळजीचा आहे. ब्रिटनमध्ये १९९४ साली हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर स्प्रिंग विरुद्ध गार्डियन ॲश्युरन्स हा खटला आला होता. विमा विकणाऱ्या एका माणसाबद्दल जुन्या कंपनीने इतका वाईट शेरा दिला की त्याला त्या धंद्यात दुसरं काम मिळेना. निकाल असा लागला की माजी कर्मचाऱ्याबद्दल लिहून देताना पुरेशी काळजी घेणं हे मालकाचं कर्तव्य आहे. तो निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही. पण वाचताना मला वाटलं, शिकलेल्या न्यायाधीशांनी १९९४ साली जे म्हटलं, त्याच्या जवळपास जाणारं आपल्या सोळाव्या अध्यायात एका शब्दात आहे.

आता खरी परीक्षा सांगते. इथवर सगळं माझ्यावर झालेल्या अन्यायाबद्दल होतं. चार दिवसांपूर्वी जळगावच्या एका मुलीचा मला मेसेज आला. ओळख नाही. तिला त्याच कंपनीची ऑफर आलीये, त्याच टीममध्ये, त्याच साहेबांच्या हाताखाली. "ताई, कंपनी कशी आहे? सर कसे आहेत? जॉइन करू का?"

बघा देवाची गंमत. पंधरा दिवस मी ज्या जागी उभी राहून ओरडतेय, तिथून उचलून त्याने मला बरोबर समोरच्या खुर्चीत बसवलं. आता शेरा मी द्यायचाय. साहेब तिथे नाहीत, त्यांना उत्तर देता येणार नाही, त्यांना कळणारही नाही. हातात फोन, आणि विचारणारी विश्वास टाकून विचारतेय.

त्या रात्री ज्ञानेश्वरीतला अपैशुनाचा भाग काढून वाचला. माउली तिथे फार वेगळ्या वाटेने जातात. 'चुगली करू नका' एवढ्यावर ते थांबत नाहीत. ते म्हणतात, चिखलात गाय रुतली तर ती दुभती आहे की भाकड हे कुणी विचारत बसत नाही, आधी तिच्या यातनेनं जीव कासावीस होतो. दुसऱ्याच्या उणेपणाकडे असं पाहावं की आधी आपल्या गुणाने ते उणं झाकावं, मग त्याच्याकडे दृष्टी टाकावी. कुणाच्या वर्मावर घाव घालू नये, आणि कुणाला दोषाच्या नावाने हाक मारू नये. दोषाच्या नावाने हाक! मला माझा रिपोर्ट आठवला. 'असमाधानकारक' हे काय होतं? दोषाच्या नावाने मारलेली हाकच ना.

पण मग त्या मुलीला काय सांगायचं? 'सर फार चांगले आहेत' म्हणावं तर ते खोटं. काहीच न बोलावं तर उद्या तिच्यावरही हीच वेळ येऊ शकते, मग ते हिताचं कसं? अपैशुन म्हणजे तोंडाला कुलूप नव्हे, हे तेव्हा कळलं. चारही कसोट्या पुन्हा समोर ठेवल्या आणि तिला लिहिलं: पगार वेळेवर होतो. काम भरपूर शिकायला मिळतं, जीएसटी आणि ऑडिट दोन्ही हातून जातं. मार्चमध्ये रात्री उशीर होतो, घरी पोहोचायची सोय आधी बघ. कामाची आणि हँडओव्हरची प्रत्येक गोष्ट मेलवर ठेव, माझ्या व्हेरिफिकेशनमध्ये एक शेरा आलाय जो मला मान्य नाही आणि त्याची दुरुस्ती मी मागितली आहे. सर माणूस म्हणून कसे, हे तू स्वतः काम करून ठरव.

जे मी पाहिलं ते सांगितलं. जे माझं अनुमान होतं ते माझ्याजवळ ठेवलं. जे तिच्या उपयोगाचं होतं ते लपवलं नाही. आणि हे उत्तर साहेबांच्या समोर मोठ्याने वाचून दाखवायची वेळ आली तर मला एक शब्दही बदलावा लागणार नाही. माझ्या मते अपैशुनाची सोपी परीक्षा हीच आहे: ज्याच्याबद्दल बोलतोय तो दारातून आत आला तर वाक्य अर्ध्यावर तोडावं लागेल का?

कंपनीचं नाव मी इथे का लिहिलं नाही, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. दुरुस्ती जिथे मागायची तिथे नावासकट, कागदासकट मागितली आहे. इथे नाव लिहून दुरुस्ती होणार नाही. फक्त चार अनोळखी लोक माझ्या बाजूने संतापतील, आणि त्या संतापाची चव मला आवडायला लागेल. ती भीती जास्त आहे.

रविवारी बाबांसोबत पाटणादेवीला जाऊन आले. चाळीसगावपासून साधारण १८ किलोमीटरवर, गौताळ्याच्या डोंगरकुशीत चंडिकादेवीचं देऊळ आहे. इथलं पाटण म्हणजे भास्कराचार्यांचं गाव असं आमच्याकडे मानतात. भास्कराचार्यांचा जन्म इ.स. १११४ चा. इथे एक शिलालेख मिळाला, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. इ.स. १२०७ सालचा तो लेख. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. त्याने आजोबांच्या सिद्धांतशिरोमणी वगैरे ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून मठ काढला, त्या मठाला दिलेल्या दानाची ही नोंद आहे. बाजारातल्या मालाचा, तेलघाण्यांच्या तेलाचा ठरावीक वाटा मठाला द्यायचा, असं त्यात जुन्या मराठीत लिहिलंय.

लहानपणापासून हे ऐकलंय, पण यावेळी वेगळं जाणवलं. हेही एका माणसाने दुसऱ्याच्या पाठीमागे लिहून ठेवलेलं आहे. भास्कराचार्य तेव्हा हयात नव्हते, त्यांना ते वाचता येणार नव्हतं. नातवाने त्यांच्या विद्येबद्दल चांगलं लिहवलं, आणि त्यावर न थांबता ती विद्या शिकवायची सोय केली, तिच्यासाठी तेलाची व्यवस्थासुद्धा लावली. पाठीमागे बोललेला शब्द असाही असू शकतो. पैशुनाच्या अगदी उलट टोकाला. आठशे वर्षं होऊन गेली, दगडावरचा तो चांगला शेरा अजून वाचता येतो.

म्हणून आजचा नेम काढला तो यातून. आपल्या प्रत्येकाच्या कामाच्या ठिकाणी असा कुणीतरी असतो ज्याचं चांगलं काम आपण पाहिलंय आणि ज्याच्या वरिष्ठांना ते माहीत नाही. रात्री उशिरा आपल्यासाठी गेट उघडणारे सिक्युरिटीचे काका असतील, नवीन आलेला ट्रेनी असेल, नोटिस पिरियडवर असलेली सहकारी असेल. आज त्या माणसाबद्दल, तो समोर नसताना, त्याच्या वरिष्ठांना दोन ओळी लिहा. खऱ्या लिहा, फुगवून नको. काय पाहिलं तेवढंच. मी माझ्या जुन्या टीममधल्या ट्रेनीबद्दल लिहिलंय, तिच्या ऑडिटच्या कामाबद्दल. पाठवलंय त्याच कंपनीच्या एचआरला, जिथून माझ्या मेलचं उत्तर यायचंय. तिचं काम चांगलं होतं, आणि माझा वाद तिच्याशी नाही.

आणि ज्यांच्याबद्दल कुणी खोटं लिहिलंय त्यांनी आजच, झोपायच्या आधी, आपली कागदपत्रं एका फोल्डरमध्ये गोळा करा आणि दुरुस्तीचा एक शांत मेल लिहा. मग पांडुरंगाचं नाव घेऊन पाठवा. उत्तर येईल, न येईल. पाठवणं आपल्याकडे आहे.

पांडुरंगा, माझ्याबद्दल खोटं बोललं गेलं तर खरं सांगायला मला आवाज दे. आणि दुसऱ्याबद्दल बोलायची वेळ माझ्यावर येईल तेव्हा त्याला माझ्यासमोर उभं कर, म्हणजे माझी जीभ जपून चालेल.

उद्या याच यादीतला पुढचा गुण घेऊ, भूतदया. तोवर राम कृष्ण हरी!